चाळीस दिवस कुणाला सांगायचं नाही

९ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. आधी ताजी बातमी. तुझी बहीण शाळेच्या जिन्यावरून पडली, आणि तीही चौथीच्या अख्ख्या वर्गासमोर. "जिन्यात धावायचं नाही" हे ओरडून सांगत असतानाच पाय घसरला, त्यामुळे शाळेत सध्या कमालीची शिस्त आहे. घोट्याचं हाड मोडलंय. आठ आठवडे प्लास्टर. दाजींनी मला खिडकीजवळ बसवून ठेवलंय आणि दर अर्ध्या तासाने "काही हवं का" म्हणून विचारतात. मुख्याध्यापिका घरी बसली की काय होतं ते त्यांना आता कळतंय.

तुझं महिन्याचं रक्त झालं का? पांढऱ्या पेशी किती आल्या ते आकड्यात लिही. "ठीक आहे" हे उत्तर मी पोरांकडूनही घेत नाही. घसा दुखला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, लक्षात आहे ना? आणि पोट रोज साफ होतं का? हसू नकोस. या गोळीवर असताना बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करून माणसं दगावली आहेत, हे सिस्टरनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

एक काम कर. आमच्या शाळेत नवीन बाई आल्या आहेत. त्यांच्या भावाला तुझ्यासारखाच त्रास सुरू झालाय. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या भावाची गोळी डोक्यात नेमकं काय करते?" मी म्हटलं, "बरं करते." मग मला माझीच लाज वाटली. आठ वर्षं त्या गोळीवर पहारा देतेय मी! तुला समजलंय तसं लिहून पाठव.

शेवटचं. रोज वीस सिगरेटी ओढणाऱ्याने दर महिन्याला रक्त तपासून घ्यावं याला काय अर्थ आहे? चार वेळा सोडलीस आणि चारही वेळा आम्हाला हसवलंस. पोरीची खोली ती नोकरीला गेल्यापासून रिकामी आहे. बेचाळिसाव्या वर्षी दुकानाच्या माडीवर एकट्याने राहण्यापेक्षा इथे ये. दवाखान्याच्या कागदावर तुझी जबाबदारी घेणारी म्हणून माझी सही आहे. मी एक पत्र टाकायचा अवकाश, तुला इथे हलवतील. अजून टाकलेलं नाही, हा माझा चांगुलपणा.

तुझी,
ताई

ता. क. मागच्या पत्रात "दवाखाना" चार वेळा चुकवलायस. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून सोबत पाठवतेय.


१८ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि. पांढऱ्या पेशी सहा हजार दोनशे. पोट साफ. लाल पेन्सिल प्लास्टरमध्येही चालते हे वाचून काळजी मिटली.

त्या बाईंना सांग, मी सायकलवाला आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे ऐकीव माहिती देतोय. डोक्यात निरोप पोचवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं. माझ्या डोक्यात काही ठिकाणी त्याचा नुसता धुडगूस चालतो, असा डॉक्टरांचा अंदाज. निरोप जिथे उतरतो त्या जागेवर गोळी आधीच जाऊन बसते, म्हणून निरोपाला बसायला जागा मिळत नाही. जुन्या गोळ्या तिथे घट्ट ठाण मांडायच्या. त्याने हातपाय लाकूड व्हायचे. आठवतं, पहिल्या गोळीवर मला चमचा धरता येत नव्हता आणि तू भरवायचीस? ही माझी क्लोझापिनची गोळी त्या जागेवर टेकते न टेकते तोच उठते, आणि सेरोटोनिन वगैरे आणखी चारपाच ठिकाणी हात लावून येते. चाकाचा आऊट काढताना आम्ही असंच करतो. रिम वाकडी दिसते तिथलाच एक स्पोक पिळत बसलं की ती दुसरीकडे वाकते. आजूबाजूचे पाचसहा स्पोक थोडे थोडे फिरवावे लागतात. बाकी दोन औषधं वाया गेल्यावरच ही देतात. हीच का लागू पडते ते पक्कं कुणालाच ठाऊक नाही, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. ते ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

फुकट काहीच मिळत नाही, हेही सांग. सकाळी उशी लाळेने ओली असते. वजन अठरा किलो वाढलं. साखर काठावर आहे. सुरुवातीचे महिने दर आठवड्याला सुई. पण निवेदक गेला. तो आठवतो ना? "आता हा उठला, आता हा पाणी पितोय, हा मूर्ख बघा कसा बघतोय." अकरा वर्षं एक माणूस माझ्या आयुष्याचं धावतं वर्णन करत होता. तो गप्प झाल्यावर मी पहिल्यांदा एका सलग दुपारी अख्खं चाक विणलं, छत्तीस स्पोक. त्यासाठी ओली उशी परवडते.

तू नेहमी फोन कर म्हणतेस, पण फोनमध्ये आवाज असतो आणि चेहरा नसतो. तसल्या आवाजांशी मी बोलायचं सोडलंय. पत्रच बरं.

आणि खोली नको, ताई. माझी खोली आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद आहे. खाली दुकान आहे. सकाळी नऊला मालकीणबाई शटर वर करतात आणि "मिस्त्री, जागे आहात का?" म्हणून हाक मारतात. कुणीतरी मला मिस्त्री म्हणतं. तुझ्याकडे मी आजारी भाऊ होईन. ते पत्र टाकू नकोस.

दाजींना नमस्कार. सिगरेटचा विषय नको.

तुझा,
घुम्या


१ मार्च

(हे पत्र मी आत्ता टाकणार नाही. पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवतोय.)

ताई,

आज सकाळी शेवटची ओढली. या वेळी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. तुला नाही, मालकीणबाईंना नाही, दवाखान्यातही नाही. चार वेळा सांगून सोडली, दोन दिवसांत परत धरली आणि चार वेळा सगळे हसले. तिसऱ्या वेळी तर रक्त काढणाऱ्या सिस्टरने बाकीच्यांना बोलावून सांगितलं होतं, "आज यांनी परत सोडली." त्या प्रेमाने हसल्या, पण हसल्या.

चाळीस दिवस झाले की हे पाकीट तुला टाकीन. पोरीची खोली मला नकोय. पण एवढं जमवलं तर तू म्हणशील, घुम्या एकटा राहू शकतो. तेवढंच हवंय.

हात रिकामे राहवत नाहीत म्हणून कॉफी पितोय. सकाळपासून पाच कप झाले.


१३ मार्च

प्रिय ताईस,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसलो की डोळे मिटतात. काल टेबलावरच झोपलो, कागदावर लाळ पडली, म्हणून हा दुसरा कागद. सकाळी मालकीणबाईंनी तीन हाका मारल्या तेव्हा उठलो.

काम चालू आहे. एका गिऱ्हाइकाला मागचं चाक पुढे बसवून देत होतो, वेळीच दिसलं. हात मधूनच उडतो, स्पोकची चावी खाली पडते. विशेष काही नाही, हवा बदललीय. रक्त झालं, पांढऱ्या पेशी चांगल्या आहेत, आकडा विसरलो. सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले, मी सगळ्याला "आहे तसंच" म्हटलं.

तुझा पाय कसा आहे?

घुम्या


१७ मार्च

प्रिय घुम्या,

तुझं पत्र पोरांच्या वहीत आलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं. ओळी खाली घसरतायत, अक्षरं एकावर एक चढलीत. "हवा बदललीय"! आईला असंच सांगायचास, आणि आई विश्वास ठेवायची. मी ठेवत नाही.

खरं सांग. गोळी वाढवली का त्यांनी? की तूच चुकून दोनदा घेतोयस? दाजी म्हणाले, "दारू नसेल ना?" मी त्यांच्या अंगावर ओरडले, पण मलाही तेच सुचलं होतं. क्षमा कर.

माझं ऐक. आठ वर्षांत तुझं वजन गेलं कुठल्या कुठे, साखर वाढत चाललीय, आता दिवसाढवळ्या झोप आणि हात उडतोय. पुरे झालं हे औषध. आठवडाभर गोळी बंद ठेव आणि बघ. मी डॉक्टरीणबाईंनाही पत्र लिहिलंय की हे औषध थांबवा, दुसरं काहीतरी बघा, आणि माझं प्लास्टर निघालं की मी याला घेऊन जाते. हो, टाकलं ते पत्र. रागावलास तरी चालेल.

पोरीच्या खोलीत नवीन पडदे लावायला घेतलेत.

तुझी,
ताई


२२ मार्च

ताई,

हे पत्र मी तीन बैठकांत लिहितोय, झोप येते म्हणून. पण शुद्धीवर आहे.

गोळी बंद करणार नाही. एकदाच सांगतो. सहा वर्षांपूर्वी मला चांगलं वाटत होतं म्हणून मी स्वतःच्या डोक्याने बंद केली होती. नवव्या दिवशी निवेदक परत आला आणि येताना आणखी दोघांना घेऊन आला. मला जिन्याखालून कुणी बाहेर काढलं, ते तूच सांग. आणि ही गोळी दोन दिवसांच्या वर चुकली तर नेहमीचा डोस एकदम घेताही येत नाही. अगदी बारक्या तुकड्यापासून पुन्हा चढवावा लागतो. माझे चार महिने त्यात गेले. मालकीणबाईंनी तेवढे दिवस माझी जागा रिकामी ठेवली. दुसऱ्यांदा कोण ठेवील?

मला काय होतंय ते मला माहीत आहे, थोडे दिवसांची गोष्ट आहे, मग आपोआप जाईल. कारण आत्ता सांगत नाही. एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत थांब.

तू माझ्या पाठीमागे पत्र टाकलंस, याचं मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझ्याबद्दल दोन माणसं माझ्या नकळत बोलतायत असं मला अकरा वर्षं वाटत होतं, तेव्हा सगळे म्हणायचे, हा भास आहे.

घुम्या


२८ मार्च, शुक्रवार

ताईंना नमस्कार,

मी सायकल दुकानाची मालकीण. परवा तुम्हाला फोन केला तेव्हा हॉस्पिटलच्या दारात उभी होते, काय बोलले मलाच आठवत नाही. म्हणून आता नीट लिहिते. मी पत्रबित्र लिहिणारी बाई नाही, सांभाळून घ्या.

बुधवारी सकाळी मिस्त्री चाक स्टँडवर लावून फिरवत होते. मी गल्ल्यापाशी. एकदम चावी पडल्याचा आवाज आला. पाहते तर मिस्त्री जमिनीवर, हातपाय झाडतायत, डोळे वर. मी आजूबाजूचं सामान लांब केलं, डोक्याखाली माझी शाल घातली आणि थांबल्यावर कुशीवर वळवलं. दीड मिनिट असेल, पण माझं अर्धं आयुष्य गेलं त्यात. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चाक कुणाला देऊ नका, आऊट राहिलाय." मला रडू आलं आणि रागही आला.

डॉक्टर म्हणतात फिट होती. डोक्याचा फोटो काढला, तो चांगला आहे. रक्तात गोळी किती आहे ते बघायला नमुना बाहेरगावी पाठवलाय, त्याला वेळ लागेल. मिस्त्री झोपूनच असतात, विचारलं की "सगळं आहे तसंच" म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की या औषधाने कधीकधी फिट येते, त्यात ताईंचंही पत्र आलंय की बंद करा. येत्या बुधवारी सगळे डॉक्टर बसून ठरवणार, चालू ठेवायचं की बंद करायचं. मिस्त्रींना हे कळल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून आहेत.

ताई, मी शिकलेली नाही, पण गोळीआधीचे मिस्त्रीही मी पाहिलेत. तेव्हा ते माझ्या वडिलांच्या वेळी दुकानात यायचे आणि पंपाशी भांडायचे. एवढंच म्हणते.

बाकी मिस्त्रींची काळजी करू नका. रोज दोनदा जाते. त्यांची खोली झाडून घेतली, झाडायला होतं काय म्हणा! महिनाभर दुकानात काय आणि माडीवर काय, एक थोटूक दिसलं नाही. राखेच्या डबीत स्पोकचे नट भरून ठेवलेत. मला वाटलं तुम्हीच दम दिला असणार.

तुमची,
दुकानवाली


३१ मार्च, सोमवार

प्रिय घुम्या,

हे पत्र मालकीणबाई तुला वाचून दाखवतील. त्यांना सांग, शेवटपर्यंत वाचा, माझी लाज राखू नका.

त्यांचं पत्र आज सकाळी आलं. "एक थोटूक दिसलं नाही" इथे मी थांबले. मला काहीतरी आठवत होतं आणि काय ते आठवत नव्हतं. मग दाजींना माळ्यावरची तुझी फाइल काढायला लावली. आठ वर्षांपूर्वी गोळी सुरू करताना सिस्टरनी मला दोन पानं दिली होती. मी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली होती. पांढऱ्या पेशी, खाली दोन रेघा. ताप, घसा, दोन रेघा. बद्धकोष्ठ, हृदय, साखर, फिट, सगळ्याखाली रेघा. दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे, तिच्याखाली काहीच नाही. "सिगरेट सुरू किंवा बंद करणार असाल तर आधी आम्हाला सांगा. धूर बंद झाला की तेवढ्याच गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं."

मी ती ओळ वाचली होती, घुम्या. वाचून सोडून दिली होती. कारण मला खात्री होती की तू काही सिगरेट सोडणार नाहीस.

तशीच कुबडीवर फोनपाशी गेले. डॉक्टरीणबाई भेटेपर्यंत पाच वेळा फोन लावला. त्यांना विचारलं, याच्या फाइलवर सिगरेट किती? म्हणाल्या, "रोज वीस, या महिन्यातही तेवढीच." मी म्हटलं, एकही नाही, महिना झाला. फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आजची गोळी मी लगेच कमी करते. हे आम्हीच खोदून विचारायला हवं होतं." मी त्यांना म्हटलं, माझं पत्र आहे ना त्या फाइलमध्ये, औषध बंद करा म्हणणारं, ते फाडून टाका. त्या म्हणाल्या, "फाइलमधला कागद फाडता येत नाही. दुसरं लिहून पाठवा." ते लिहून आजच पाठवलंय.

तुला सिगरेट सोड म्हणून मी चौदा वर्षं ओरडले. तू सोडलीस, तर मला तू दारुडा वाटलास. आणि ज्या गोळीने तू माणसांत आलास ती बंद करा म्हणून सांगायला निघाले होते, वाचवायला म्हणून. मी चुकले. पोरांना रोज सांगते, पेपर पूर्ण वाचा, आणि मीच अर्धा वाचला. मला माफ कर.

तुझी,
ताई


७ एप्रिल

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि. अक्षर बघ. सरळ आहे ना?

रक्ताचा आकडा आला. गोळी हवी त्याच्या दुपटीने होती. बुधवारच्या बैठकीत डॉक्टर पाच मिनिटांत उठले, औषध चालू राहिलं. चारशे मिलिग्रॅमवरून तीनशेवर आणलंय, पुढचं रक्त बघून ठरवतील. यकृत म्हणे धुराच्या सवयीने गोळी भराभर संपवत होतं. धूर थांबला तशी त्याने घाई सोडली. तंबाखूतल्या नशेचा यात संबंध नाही, जळण्याच्या धुराचा आहे. वर कॉफीचे आठदहा कप, त्यानेही गोळी साठते. मी समजत होतो, झोप आणि हाताचे झटके हे सिगरेट सोडल्याचे भोग आहेत, थोडे दिवस काढले की झालं. म्हणून गप्प होतो. तेव्हा चूक एकट्या तुझी नाही. सिस्टरने विचारलं होतं, मी तिला "आहे तसंच" म्हणून सांगितलं. तिने माझ्यासमोर कपाळावर हात मारला, मग माझा हात बराच वेळ धरून बसली. हसली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा ओढावीशी वाटली तर ओढा, गोळी वाढवू. नाही ओढली तर कमी ठेवू. चोरून मात्र दोन्हीतलं काही करू नका." मी नाही ओढणार. सोबत एक जुनं पाकीट पाठवतोय, एक मार्चचं. चाळीस दिवसांआधी टाकायचं नव्हतं ते, आता ठेवून काय करू?

आता थोडं कडू. तू माफी मागितलीस, मी केली. पण त्यानंतरही मला एक गोष्ट हवी आहे. सोबत दवाखान्याचा कागद आहे. त्यावर तुझं नाव "जबाबदारी घेणारी व्यक्ती" इथून काढून "कळवायची व्यक्ती" इथे घालायचं आहे. जबाबदारीच्या रकान्यात मी स्वतः सही केली आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तासभर प्रश्न विचारून मगच करू दिली. तुझी सही झाली की मला कुणी न विचारता हलवू शकणार नाही.

तू सही केली नाहीस तरी मी बोलणं सोडणार नाही. पण कर.

तुझा,
घुम्या


१५ एप्रिल

प्रिय घुम्या,

कागद चार दिवस टेबलावर होता. रोज त्याच्यावर बशी ठेवत होते, दिसू नये म्हणून. दाजी म्हणाले, "तुला सही येत नसेल तर मी शिकवतो." तेव्हा केली. सोबत आहे.

खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. तू आठ वर्षांचा असताना आईने तुझा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, रस्ता ओलांडून दे. मी अजून ओलांडतेच आहे, असं मला वाटत होतं.

तुझं ते मार्चचं पाकीट वाचलं. दोनदा वाचून उशीखाली ठेवलंय. चुका होत्या, लाल पेन्सिल घेतली नाही.

माझंही एक मागणं आहे. वाईट असेल ते वाईट झालं त्याच दिवशी मला लिही. चाळीस दिवसांनी नको. नुसती चांगली बातमी मिळणार असेल, तर "कळवायची व्यक्ती" म्हणून माझं नाव ठेवून उपयोग काय?

प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक झालाय, पण चालतेय. रोज थोडं जास्त.

तुझी,
ताई


२९ एप्रिल

प्रिय ताईस,

वाईट आहे, म्हणून आजच लिहितोय.

मागच्या सोमवारी गोळी तीनशेवरून अडीचशेवर आणली होती. झोप गेली, हात थांबला, लाळ कमी झाली. सगळं छान चाललं होतं. आज दुपारी एक चाक हातात होतं, आणि निवेदक बोलला. एकच वाक्य. "आता हा चाक लावतोय." आवाज हळू होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. शिवी नव्हती.

सात मिनिटं मी तसाच उभा होतो, घड्याळ समोर होतं म्हणून माहीत आहे. आधी मनात आलं की कुणाला सांगायचं नाही, एकच तर वाक्य आहे, जाईल. मग मी चाक खाली ठेवलं, मालकीणबाईंना म्हटलं, "मला दवाखान्यात जायचंय, आवाज आला." त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि माझ्याबरोबर चालत आल्या. काही विचारलं नाही, वाटेत फक्त नळाच्या तोट्यांबद्दल बोलत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. म्हणाल्या, खाली आणताना कधीकधी एक पायरी जास्त उतरली जाते, म्हणूनच हळू उतरायचं असतं. रात्रीची गोळी आजपासून पंचवीसने वाढवली आहे. गुरुवारी परत बोलावलंय. मालकीणबाई म्हणतात, तोवर गिऱ्हाइकांशी मी बोलते, तुम्ही नुसती चाकं बघा.

मी घाबरलोय, ताई. लपवत नाही. पण जे करायचं ते मी केलंय. तू काय करायचं ते मी सांगणार नाही.

तुझा,
घुम्या


२ मे

प्रिय घुम्या,

पत्र सकाळी आलं. वाचताच मी कपाटावरून बॅग काढली. तुझ्याकडे येणारी गाडी साडेअकराची. दोन साड्या, माझ्या गोळ्या, तुझ्यासाठी दाजींचा स्वेटर, सगळं दहा मिनिटांत भरलं. दाजी चपला घालून दारात उभे होते. पाय आता पूर्ण बरा आहे, मला कुणी अडवू शकत नव्हतं.

मग म्हटलं, तिथे गेल्यावर पहिलं काम काय करायचं ते ठरवू, म्हणून पत्र पुन्हा काढलं. दवाखान्यात न्यायचं, तर तू गेलास. रक्त घ्यायला सांगायचं, तर घेतलं. गोळीचं विचारायचं, तर वाढवली. बरोबर कुणीतरी हवं, तर मालकीणबाई आहेत. एकेक करून माझी सगळी कामं तू करून टाकली होतीस. मी गेले असते ती फक्त माझी भीती तुझ्या खोलीत नेऊन ठेवायला.

मी येत नाही. बॅग रिकामी केली, खिडकीशी बसून भरपूर रडले आणि शाळेत गेले.

गुरुवारचं कळव.

ताई